तीनशे चौऱ्याऐंशी

अंबडच्या बसस्टँडसमोर मी बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे, आणि माझा राग आता गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडला आहे. मशीन जुनं झालं, पंख्यात धूळ गेली, उंदरानं वायर कुरतडली, यातलं मी काहीही समजून घेतो. पण कुणी स्वतःच्या हातानं सेटिंगमध्ये खुडबुड केलेली दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोण्या गाढवानं हे केलं, असं मी तोंडावर विचारतो. बहुतेक जण मेहुण्याचं नाव सांगतात.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा आष्टीहून आकांक्षाचा फोन आला. आकांक्षा म्हणजे नंदाबाईंची सून. आणि नंदाबाई म्हणजे आष्टीच्या शाळेत ज्यांनी मला तिसरी-चौथीला शिकवलं, त्या आमच्या बाई. कॉम्प्युटर फार हळू चालतो, काम करता करता प्रोग्राम आपोआप बंद पडतो, असं ती सांगत होती. तिच्या नवऱ्यानं, हरिओमनं, नवीन मशीन घेऊन देतो म्हणून बाईंना दोनदा विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या होत्या. मशीनला काही झालेलं नाही, माझंच वय झालंय, असं त्यांचं म्हणणं. आता कॉम्प्युटरच नको म्हणून सोमवारी भंगारवाल्याला यायला सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. “भारतभाऊ, तुम्ही एकदा येऊन बघा. त्या दुसऱ्या कुणाचं ऐकायच्या न्हाईत,” ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हे मशीन आलं तेव्हा पळत होतं, मग पहिला दसरा झाला आणि ते जे बसलं ते बसलंच.

मी हसून सोडून दिलं. आमच्याकडे लोक मशीनचं दुखणं सणावरून सांगतात. एकाचं पोळ्याला बंद पडलेलं असतं, एकाचं संक्रांतीला.

रविवारी दुकान बंद ठेवून मोटारसायकलनं निघालो. रस्त्याच्या कडेनं जिथं तिथं सोयाबीन वाळत घातलेलं होतं, त्यातून वाट काढत दीड-पावणेदोन तास लागले. एवढंच अंतर. आणि एवढ्या अंतरासाठी मी अंबडला दुकान टाकल्यापासून बारा वर्षांत एकदाही बाईंच्या घरी गेलो नव्हतो. आईवडील माझ्याकडेच राहायला आले, गावातलं घर भाड्यानं दिलं, ही कारणं मी स्वतःला देत आलो होतो. लाज वाटायला लागली म्हणून मी गाडी थोडी जोरात चालवली.

दोन हजार पाच साली आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर आला तो बाईंच्या घरी. आला हरिओमसाठी, पण त्याला तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि तो होस्टेलवर गेला. मशीन राहिलं घरात. बाई बावन्न वर्षांच्या, मी सतरा वर्षांचा, आणि दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. ते आम्ही दोघांनी मिळून शिकून काढलं. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी लाइट जायची, संध्याकाळी यायची, आणि बाईंनी वेळापत्रक कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलं होतं. लाइट आली की मी चपला दाराबाहेर काढून, पाय धुऊन आत. पाय धुतल्याशिवाय त्या मला खुर्चीला हात लावू देत नसत. महेमूद टेलरनं शिवून दिलेला निळ्या कापडाचा झगा मशीनवरून अलगद काढायचा, घडी करायचा, आणि मग बटण. मशीन सुरू व्हायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात बाई आत जाऊन एक धपाटं भाजून आणायच्या.

मला आजही धपाट्याचा वास आला की तो मॉनिटर आठवतो. त्यानंतर मी कामासाठी पुण्याला गेलो, तिथं हजारो मशीन पाहिली, पण कुठल्याच मशीनवर माझा तेवढा जीव बसला नाही.

बाईंनी त्यावर काय करावं? त्यांनी लग्नाचे बायोडाटा करायला घेतले. तेव्हा गावात ते हातानं लिहीत, नाही तर परतूरला जाऊन टाइप करून आणत. पहिला बायोडाटा माझ्या ताईचा. वर गणपती, उजव्या कोपऱ्यात फोटो, खाली जन्मवेळ, रास, देवक, मामाचं कूळ. प्रिंटरमधून गणपतीचा मुकुट आधी बाहेर आला, मग कान, मग सोंड, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. ताईचं लग्न त्याच कागदावर जमलं. मग काय, दर रविवारी बाईंच्या ओसरीवर लोक यायला लागले. महेमूदचाचांच्या थोरल्या मुलीचा, मैमूनाचा बायोडाटाही बाईंनीच केला. त्यात गणपतीच्या जागी बिस्मिल्ला कसं घालायचं, यावर आम्ही तीन दिवस घालवले होते.

फोटो घातला की मशीन मात्र लटकायचं. मी कुठल्या तरी मासिकात वाचलं, की मशीनची रॅम भरली की ते हार्ड डिस्कवरची थोडी जागा वापरतं, आणि ती जागा रॅमच्या दीडपट ठरवून दिली तर काम सुरळीत चालतं. आमची रॅम दोनशे छप्पन एमबी. तिची दीडपट तीनशे चौऱ्याऐंशी. मी बाईंना हे समजावून सांगताना इतका गोंधळलो, की शेवटी त्यांनीच मला ते समजावून सांगितलं. “म्हणजे ओट्यावर जागा पुरली न्हाई की परात खाली फरशीवर मांडायची. वाकावं लागतं, पण सैपाक अडत न्हाई. असंच ना?” तेच वाक्य मी आजवर अंबडच्या निदान हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. बाईंचं नाव मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी आकडा टाकला आणि मशीन खरंच चालायला लागलं. बाईंनी माझ्या हातावर गूळ ठेवला. मला वाटतं, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका आकड्यानं ठरवलं.

मी घरात शिरलो तेव्हा बाई ओसरीवरच बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले, पण पाठ तशीच ताठ. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि खायला बराबर मिळतंय वाटतं, एवढंच म्हणाल्या. मग चहा झाला. चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं, पण मशीनबद्दल नाही, स्वतःबद्दल.

महेमूदचाचांच्या धाकटीचं, अफ्रीनचं, जमवायचं चाललं होतं. जालन्याहून सोमवारी माणसं येणार होती आणि त्यांना बायोडाटा हवा होता. बाईंनी तीनदा तो करायला घेतला. तिन्ही वेळा फोटो लावला की पडद्यावर काही तरी इंग्रजी चौकट यायची आणि सगळं बंद. केलेलं सगळं जायचं. शेवटी त्यांनी चाचांना परतूरला जायला सांगितलं. चाचा म्हणाले, थोरलीचं तुमच्या हातचं झालं, हिचंही तुमच्याच हातचं पाहिजे. तेव्हा बाईंना आत जाऊन रडू आलं होतं. हे त्यांनी मला सरळ सांगितलं, काही लपवलं नाही.

“मशीनचं काही न्हाई रे,” त्या म्हणाल्या. “माझीच बोटं मंदावली. चुकीचं काही तरी दाबून राह्यले असंन अन् मला कळत न्हाई. वीस वर्षं लोकान्ला करून दिले. आता लोकाचं काम बिघडवण्यापेक्षा थांबलेलं बरं.”

ज्या बाईंनी मला पाढे म्हणताना एकदाही अडखळू दिलं नाही, त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या होत्या. ते मला बघवेना. मी उठलो आणि मशीनसमोर जाऊन बसलो.

निळा झगा आता विटला होता, पण होता. मशीनच्या कपाळावर दसऱ्याचं हळदकुंकू होतं, आणि एक सुकलेलं झेंडूचं फूल मागच्या वायरीत अडकलेलं. मी सुरू केलं. मशीन तसं वाईट नव्हतं, चार जीबीची रॅम, बाईंच्या कामाला पुरेशी. व्हायरस बघितला, नाही. डिस्क बघितली, निम्म्याहून जास्त मोकळी. पंखा साफ. मग अफ्रीनचा बायोडाटा उघडला, मोबाइलवरून आलेला तिचा भलामोठा फोटो लावायला गेलो, आणि चौकट आली. मेमरी अपुरी आहे, प्रोग्राम बंद करा.

चार जीबी रॅम, डिस्क रिकामी, आणि मेमरी अपुरी कशी? मी सेटिंग उघडत उघडत व्हर्च्युअल मेमरीपर्यंत पोचलो. हे नवं मशीन आपली जागा आपणच ठरवतं, तिथं कुणी हात लावायचं कामच नसतं. पण तिथली ‘आपोआप’ची खूण कुणी तरी काढून टाकली होती आणि हातानं आकडा घातला होता. एवढासा आकडा. आजच्या मशीनला इतकी कमी जागा देणारा माणूस शुद्धीवर असूच शकत नाही, असं मला वाटलं. आणि सवयीनं माझं तोंड सुटलं.

“कोण्या गाढवानं हे करून ठेवलं?”

मागं बाई उभ्या आहेत हे मी विसरलो होतो. त्या भिंतीतल्या कपाटाशी गेल्या, दार उघडलं, आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद मला दाखवला. वर प्लॅस्टिक लावून चारही बाजूंनी पट्टी मारलेला.

“मी मनानं न्हाई टाकला, भारत. हे बघ. जसं लिहिलंय तसंच करते.”

माझ्यासमोर वही धरून उभ्या असलेल्या विद्यार्थिनीसारखं त्या सांगत होत्या. मी उठून कागदाजवळ गेलो.

‘व्हर्च्युअल मेमरी: ३८४ ते ३८४. मशीनने काही विचारल्यास येस दाबावे. हे आकडे बदलू नयेत. दर दसऱ्याला मशीन साफ करताना तपासावेत. बदललेले दिसल्यास परत हेच टाकावेत. भारत. जून २००७.’

अक्षर माझं होतं. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. मी गेल्यावर बाईंचं अडू नये म्हणून. मला आठवलं, त्या दिवशी हे लिहिताना मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

बाई सांगत होत्या. मशीन दोनदा बदललं, पण त्यांनी चिठ्ठी काढली नाही. मधलं मशीन होतं तेव्हा लोकांचे फोटो लहान असायचे, तेवढ्यात भागून गेलं. दर दसऱ्याला पूजेआधी त्या चष्मा लावून बसतात. नव्या मशीनमध्ये ती जागा सापडायला त्यांना दोन दिवस लागले, पण शोधून काढली. आकडा टाकताना मशीन म्हणतं की हा फार कमी आहे, पुढे अडचण येईल. “मंग मी येस दाबते. तू लिहिलंच होतं, विचारलं तर येस दाबा म्हणून.” मग त्यांनी विचारलं, “बराबर हाय ना आकडा?”

खोटं बोलायला दोन क्षणांचं काम होतं. आकडा बरोबर आहे बाई, मशीन जरा रुसलंय, असं म्हणायचं, मागच्या मागं खूण परत लावायची, आणि गूळ खाऊन अंबडला निघायचं. त्यांना काही कळलं नसतं. माझं नाव राहिलं असतं. पण मग त्यांनी पुढंही असंच धरलं असतं, की बिघडलं होतं ते त्यांच्या बोटांमुळं. आणि पुढच्या दसऱ्याला चष्मा लावून त्या परत तेच करत बसल्या असत्या.

“न्हाई बाई,” मी म्हणालो. “आकडा चुकीचा हाय. तेव्हा बराबर होता. आपण ओट्याखाली परात मांडायला फरशीवर जागा आखून दिल्ती ना, ती तेव्हाच्या घराला पुरत होती. आता घरात पंगत बसायली, अन् माझ्या चिठ्ठीमुळं मशीनला त्या आखल्या जागेच्या बाहेर ताटली बी ठेवता येत न्हाई. मशीन तुम्हाला दर वर्षी सांगून राह्यलं होतं. मीच तुम्हाला त्याचं ऐकू नका म्हणून लिहून दिलं. ते गाढव मीच.”

बाई खुर्चीवर बसल्या. पदरानं चष्मा पुसला, परत लावला. मला वाटलं आता त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, बोटं पसरली आणि त्यांच्याकडे बघितलं.

“मंग माझी बोटं बराबर हायेत?”

“बिलकुल बराबर हायेत, बाई.”

दारात उभी असलेली आकांक्षा आत निघून गेली.

मी आकडा काढून टाकला, खूण परत लावली, आणि मशीन बंद करून सुरू केलं. मग उठून खुर्ची त्यांना दिली. त्यांनी अफ्रीनचं नाव टाइप केलं, शिक्षण, उंची, वडिलांचा धंदा. बोटं सावकाशच चालत होती, ती आधीही कधी पळत नव्हती, पण एकदाही चुकली नाहीत. शेवटी फोटो. माऊस सोडून त्या मागे सरकल्या आणि माझ्याकडे बघितलं. फोटो आला, उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला, आणि चौकट आली नाही. प्रिंटरमधून आधी बिस्मिल्लाची ओळ बाहेर आली. आम्ही दोघं तसेच वाकून बघत होतो.

आकांक्षानं चाचांना फोन केला आणि त्यानंतर भंगारवाल्यालाही.

मला वाटलं, झालं. बाईंना मात्र राग यायचा होता, तो आता आला, आणि त्यांनी तो जुन्या पद्धतीनं काढला, म्हणजे आवाज न चढवता. अंबड कुठं अमेरिकेत आहे का, असं त्यांनी विचारलं. पुण्याहून परत येऊन बारा वर्षं झाली, ताईकडून सगळी खबर मिळत होती, असंही सांगितलं. दर दसऱ्याला आकडा तपासताना त्यांना वाटायचं, भारत येऊन गेल्यासारखं झालं. म्हणून त्या एकदाही चुकवत नव्हत्या. “तू चिठ्ठी लिहून मोकळा झालास,” त्या म्हणाल्या. “मी मात्र तुझ्याच भरवशावर होते.”

मान खाली घालून मी कपाटाच्या दारावरचा कागद सोडवायला लागलो. पट्टी इतकी घट्ट होती की नखानं निघेना.

“तो राहू दे,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, पेन दिलं, आणि त्याच्याखाली लावायला दुसरा लिही म्हणून सांगितलं. मी बराच वेळ पेन धरून बसलो. आकडा तर एकही लिहायचा नव्हता. आजचा बरोबर असलेला आकडा उद्या काय करील, हे मी नुकतंच बघितलं होतं. शेवटी एवढंच लिहिलं. ‘दसऱ्याला मशीनची पूजा करावी. सेटिंगला हात लावू नये. भारत स्वतः येऊन बघेल.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कॅलेंडरजवळचं लाल पेन घेतलं. मला वाटलं शुद्धलेखन तपासणार. पण त्यांनी ‘दसऱ्याला’ या शब्दाखाली एक रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

“तुझं लिहिलेलं मी अठरा वर्षं पाळलं,” त्या म्हणाल्या. “आता हे तू पाळ. सही कर.”

मी सही केली, आणि खाली तारीख टाकली.